विजयदुर्गच्या खाडीतला जुना मचवा जपायचा तर कसा?

विजयदुर्ग परिसरातल्या काही तरुणांनी विचारलं आहे. गावातल्या एका घरचा जुना लाकडी मचवा वाघोटण खाडीच्या काठावर बरीच वर्षं चिखलात उभा आहे. घरच्यांनी फायबरची होडी घेतली, आता मचवा फोडून लाकूड विकायचं त्यांच्या मनात आहे. या मुलांचं म्हणणं असं की फोडू नका. वर्गणी काढू, किल्ल्याच्या वाटेवर सिमेंटचा चौथरा बांधू, मचवा वर चढवू, झकास रंग देऊ आणि बंदराच्या इतिहासाचा फलक लावू. हे बरोबर होईल का, आणि फलकावर काय लिहावं, असा प्रश्न आहे.

लाकडी बोटींची पाहणी आणि दुरुस्ती यातच माझी हयात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मुलांची तळमळ मला मनापासून भावली. पण चौथऱ्याचा बेत एवढ्यात नको.

बोट पाण्यात असते तेव्हा पाणी तिला सगळीकडून सारखं उचलून धरतं. तीच बोट दोन खांबांवर किंवा आखूड चौथऱ्यावर ठेवली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आणि मागची बाजू स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, मधे वर येतो आणि बोटीची कंबर मोडते. एकदा पठाण वाकला की तो सरळ होत नाही. दुसरा शत्रू पाऊस. खारं पाणी लाकडाला कुजू देत नाही, पावसाचं गोडं पाणी मात्र कुजवतं. समुद्रात असताना टेरेडो नावाचा किडा लाकूड पोखरतो, तो जमिनीवर येत नाही हे खरं, पण त्याच्या जागी बुरशी येते. ती पहिल्यांदा कुठे धरते ते सांगतो: वाकांची वरची टोकं, म्हणजे बोटीच्या फासळ्या जिथे काठाला भिडतात ती जागा, फळी आणि वाक यांच्यामधली चीर, आणि तळात जिथे पाणी साचून राहतं तिथे. उन्हाने फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आत ठोकलेला कापूस गळून पडतो. लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं.

किनाऱ्यावरच्या एका पर्यटनस्थळी अशीच एक बोट सिमेंटमध्ये बसवलेली मी पाहिली. वरून निळा-पिवळा ऑइलपेंट चकचकीत, आजूबाजूला फुलझाडं. पोटाखाली, सिमेंट जिथे लाकडाला टेकलं होतं तिथे, पेचकस दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. सिमेंटने ओल धरून ठेवली होती आणि रंगाने ती बाहेर पडू दिली नव्हती. चांगल्या सागाची बोट होती ती. खाडीच्या चिखलात राहिली असती तर जास्त टिकली असती.

म्हणून सध्या एवढंच करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मचवा पाण्यावर उचलला जातो का ते पाहा. जात असेल तर त्याच भरतीला तो काठावर जितका वर घेता येईल तितका घ्या. पठाणाखाली दर चार-पाच फुटांवर जाड लाकडी ओंडके द्या, सगळे एका पातळीत. बाजूचे टेकू वाक असेल तिथेच लावा. नुसत्या फळीला टेकू दिला तर ती आत दबते. तळाचं भोक उघडं ठेवा. वर झावळ्यांचं किंवा पत्र्याचं छप्पर घाला, पण बाजू मोकळ्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. आतल्या तळात जाडं मीठ पसरा, ही जुन्या लोकांची युक्ती आहे आणि ती बुरशीला खरोखर आवरते. रंग नको, वरून फायबरचं कवच तर अजिबात नको. तेल द्यायचं तर उंडीच्या बियांचं किंवा मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, आणि लाकूड कोरडं असताना. एवढ्याने वर्ष-दोन वर्षं मिळतील. त्या वेळात जे काम करायचं ते मला या मचव्याहूनही महत्त्वाचं वाटतं.

या बंदरात बोटी किती आणि कशा होत्या ते आधी मनात आणा. घेरिया म्हणून ओळखला जाणारा हा किल्ला आंग्र्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं आरमारी ठाणं होता. इथल्या गुराबा, म्हणजे आरमारातली मोठी लढाऊ जहाजं, नाळेला टोकदार, पुढे झेपावलेल्या. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आसपास. गलबतं लहान, फार तर ७० टनांची, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की इंग्रजांचं जडशीळ जहाज जागच्या जागी थांबायचं आणि गलबतं गुराबांना दोर लावून त्याच्या पिछाडीला ओढत न्यायची. नाळेतल्या तोफांचा मारा तिथून व्हायचा. किल्ल्यापासून खाडीत दोनेक मैल आत, गिर्ये गावाच्या बाजूला, खडक फोडून केलेली गोदी आहे. सुमारे ३५५ फूट लांब आणि रुंद जागी २२७ फूट. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते तळावर बसतं, मग डागडुजी करायची. तुमच्यापैकी कितीजण ती नीट फिरून आले आहेत? नसाल तर ओहोटीला जा, आणि पाणी कुठून आत येत असेल ते उभं राहून बघा. या बंदराचा इतिहास किल्ल्याच्या बुरुजाइतकाच तिथे आहे.

त्यातली एकही गुराब आज कुठे उभी नाही. १२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रजांच्या ॲडमिरल वॉटसनच्या ताफ्याने घेरियावर मारा केला. तुळाजी आंग्र्यांची जहाजं बंदरात एकमेकांना खेटून उभी होती. एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. ते मूळचं ईस्ट इंडिया कंपनीचंच, पूर्वी आंग्र्यांनी पकडलेलं. त्याने पेट घेतला, आग शेजारच्या गुराबांवर गेली आणि बघता बघता सगळा ताफा जळाला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला, धुळपांनी आरमार पुन्हा उभं केलं, एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ कंपनीचं 'रेंजर' हे जहाज साथीच्या जहाजांसह पकडलं. १८१८ नंतर तेही संपलं. बोटी गेल्या, आणि त्या बांधणाऱ्यांनी मोजमापाचे नकाशे कागदावर काढून ठेवले नव्हते. माप हातात आणि डोळ्यात होतं.

दुसरीकडे मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात आहे, पाण्यावर आहे, लोक तिच्यावर चढून फिरतात. आपलाच साग, आपलेच सुतार. ती वाचली याचं श्रेय लाकडाला आहेच, पण तिच्यावर सतत कुणीतरी खर्च करत राहिलं यालाही आहे. आपल्याकडे 'विक्रांत' २००१ पासून काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. विमानवाहू नौका, १९७१ च्या युद्धातली. २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. बोट ठेवायची म्हणजे दरवर्षी तिच्यावर खर्च करायचा, आणि तो कोण करणार हे ठरलेलं नसेल तर विक्रांतसुद्धा राहत नाही. तुमच्या वर्गणीतून चौथरा होईल. पाचव्या वर्षीचं तेल, खिळे आणि सुताराची मजुरी कुठून येणार, याचं उत्तर आधी शोधा.

विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, तसेच सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या यादीतून जागतिक वारसा झाले, याचा मला फार आनंद आहे. पण हे किल्ले ज्या बोटींच्या आसऱ्यासाठी बांधले, त्या बोटींच्या घराण्यातलं जे काही शिल्लक आहे ते तुमच्या खाडीत चिखलात उभं आहे. मासेमारीचा मचवा आणि आरमारी गलबत वेगळं, हे मान्य. तरीही ती झुकती नाळ, पुढे कललेली डोलकाठी, फळ्या जोडायची रीत एकाच सुतारकीतून आलेली आहे. शांततेच्या काळात मासे मारणारे गाबीत, खारवी, भंडारी, कोळी आणि दालदी घरांतलेच खलाशी आरमारात असत. म्हणून मासेमारी बंदराचा वारसा आणि आरमाराचा वारसा अशी दोन कपाटं मी कधी केली नाहीत.

आता कामाचं. मचव्याचं माप घ्या. हे तुम्हाला जमेल, त्यासाठी इंजिनियर लागत नाही. पठाणाच्या समांतर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक दोरी घट्ट ताणा आणि ती पाणसळीने एका पातळीत आणा. या दोरीवर दर दोन फुटांना खूण करा. प्रत्येक खुणेला ओळंबा सोडून, दोरीपासून फळीपर्यंतचं आडवं अंतर निरनिराळ्या उंचीवर मोजा: तळाशी, मग दर सहा इंचांनी वर काठापर्यंत. एकाने मोजायचं, एकाने मोठ्याने म्हणायचं, एकाने लिहायचं. दोन्ही बाजू मोजा, कारण हाताने बांधलेली बोट दोन्हीकडे सारखी नसते आणि तो फरकही नोंदीचाच भाग आहे. या आकड्यांवरून बोटीचा पूर्ण आकार कागदावर उतरतो आणि पन्नास वर्षांनी कुणालाही तशीच बोट बांधता येते. मोबाईलने चहूबाजूंनी शेकडो फोटोही काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू दे. त्यातून संगणकावर त्रिमिती आकृती होते. पण फोटोंच्या भरवशावर दोरी-ओळंबा सोडू नका.

मोजताना काही गोष्टी मुद्दाम बघा. पठाण सरळ आहे की मधे उचललेला? जुन्या फत्तेमारींचा, म्हणजे शिडाच्या मालवाहू बोटींचा, पठाण पुष्कळदा मधे कमानदार असे, बोट चटकन वळावी म्हणून. डोलकाठीचं भोक कुठे आहे आणि काठी पुढे किती कलत होती? आपल्या शिडाचं परभाण, म्हणजे शीड बांधायचा तिरपा वासा, लांब आणि जड असतं, काठी पुढे कललेली असली की ते काठीपासून मोकळं लोंबतं आणि शीड बाजू बदलताना अडत नाही. फळ्यांच्या कडा नुसत्या टेकवल्या आहेत की एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवली आहे? खाच असेल तर आत कापूस आणि चंद्रूस-तेलाचं लुकण सापडेल, त्याचा नमुना बाटलीत ठेवा. वाक कुठल्या लाकडाचे? बाभूळ, ऐन, हेद काहीही असू शकेल. निसर्गतः वाकडी फांदी निवडून वाक घडवत, तंतू न कापता, म्हणून ते इतके चिवट. इंजिन बसवताना मागची बाजू कापली असेल तर कुठून कापली तेही टिपा. शिडाचा मचवा इंजिनाचा झाला तो जोड हाही इतिहासच आहे, तो लपवून 'मूळ रूप' देण्याच्या मागे लागू नका.

हे लाकडाचं झालं. माणसांचं काम त्याहून घाईचं, कारण मचवा दोन वर्षं थांबेल, ऐंशीच्या घरातला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, थांबेल याची खात्री नाही. शिडावर मासेमारी केलेली माणसं अजून गावात आहेत. त्यांना मचव्याजवळ खुर्ची टाकून बसवा आणि रेकॉर्डर सुरू ठेवा. घरात बसून विचारलं तर 'आमच्या वेळी फार कष्ट होते' एवढंच येतं. बोटीला हात लागला की दोरानिशी सगळं बाहेर येतं.

काय विचारायचं? पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, हे वेळापत्रक कसं चालायचं. मतलई पडली तर काय करत. समुद्रातली खडपं कशी ओळखत: किल्ल्याचा अमुक बुरुज आणि मागच्या डोंगरावरचं अमुक झाड एका रेषेत आलं, आणि दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस टेकडीच्या खांद्यावर आला, की खाली खडक. अशा खुणांच्या जोड्या प्रत्येक तांडेलाच्या डोक्यात असतात आणि त्या नकाशावर कुठेच नाहीत. जीपीएस आल्यापासून पुढच्या पिढीने त्या शिकून घेतलेल्या नाहीत. त्यांच्याबरोबर होडीतून जाऊन प्रत्येक जोडी बघा, त्या जागेचे जीपीएसचे आकडेही लिहून घ्या.

भरतीचं गणित विचारा. मुंबईकडे तिथीला पाऊणने गुणतात, चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. दक्षिणेला भरती थोडी आधी लागते, मग तुमच्या खाडीत हा हिशोब कसा फिरवत? उधाण आणि भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती, यांच्यात कुठली जाळी कधी टाकत? नायलॉन यायच्या आधी सुती आणि सणाची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवत, ती कुजू नयेत म्हणून. ते तांब्याचं मोठं भांडं कुणाच्या तरी परसात पालथं पडलेलं असेल, शोधा. मासे सोलणाऱ्या, सुकवणाऱ्या, लिलावात बोली लावणाऱ्या बायकांना वगळू नका. बोट कर्जात कशी घेतली आणि कर्ज कसं फिटलं हे नाखव्यापेक्षा, म्हणजे बोटीच्या मालकापेक्षा, त्यांना जास्त नेमकं माहीत असतं. आगबोटीच्या दिवसांत पडावातून, म्हणजे किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या होडीतून, उतारू कसे उतरवत, कुणाचा पडाव होता, हेही त्याच पिढीकडे मिळेल.

नोंद नसली की काय होतं याचं ताजं उदाहरण आपल्यासमोर आहे. नौदलाची 'कौंडिण्य' ही शिवलेली नौका मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधायची ही रीत आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. पण त्या काळच्या जहाजाचा नकाशा नव्हता, म्हणून अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून आकार बसवावा लागला आणि गोव्यात केरळच्या कारागिरांच्या हातून ती शिवून घ्यावी लागली. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर शिलाहार-यादव काळातली लढाऊ जहाजं वल्ह्यांच्या रांगांसह कोरलेली आहेत. दगडात आणि रंगात आपल्याकडे बोटी आहेत, मोजमापात फार थोड्या. तुमचा मचवा मोजला गेला तर त्यांत एकीची भर पडेल.

कायद्याचंही थोडं, कारण चौथरा बांधून झाल्यावर ही डोकेदुखी सुरू होते. पुरावस्तू कायदा १९७२ चा, त्यात साधारणपणे १०० वर्षांहून जुनी वस्तूच बसते. साठ-सत्तर वर्षांच्या मचव्याला त्याचं संरक्षण नाही, उद्या मालकाने फोडला तर त्याला कुणी अडवणार नाही. म्हणून मालकाशी लेखी करार हवा: मचवा कुणाच्या नावावर, कशासाठी दिला, परत कधी. मासेमारी बोट म्हणून नोंदणी आणि परवाना असेल तर मत्स्यव्यवसाय खात्यात जाऊन तो रद्द करून घ्या आणि त्या कागदांच्या प्रती मचव्याच्या फाईलला लावा. किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. म्हणजे तुम्ही धरलेली जागा बहुधा बसणारच नाही. बंदराच्या आवारात जागा हवी तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे अर्ज करावा लागेल, आणि भरतीरेषेलगत असल्यामुळे सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियमही आड येतील. माझ्या मते ग्रामपंचायतीची किंवा शाळेची, खाडीपासून थोडी वरची जागा बघावी आणि तिथे उघड्या बाजूंची शेड उभारावी. खर्च चौथऱ्यापेक्षा फार जास्त येत नाही. मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी आहे, १९७८ मध्ये नौदलाचे मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली. त्यांना पत्र लिहा, मापांची एक प्रत त्यांच्याकडेही द्या. कागद एकाच कपाटात ठेवायचे नसतात.

लाकूड हाताबाहेर गेलेलं निघालं तर? हा प्रसंग येऊ शकतो आणि त्यासाठी मनाची तयारी ठेवा. अशा वेळी अख्खा मचवा रंग फासून उभा करण्यापेक्षा पूर्ण माप घेऊन नाळ, सुकाणू, डोलकाठीचा पाया आणि दोन-तीन वाकांसह मधला एक तुकडा जपावा आणि बाकीचं घरच्यांना देऊन टाकावं. त्या तुकड्यात फळी-वाक-खिळा यांची जोडणी उघडी दिसते, आणि शाळेतल्या मुलाला ती रंगवलेल्या बोटीपेक्षा जास्त शिकवते. पैसे उभे राहिले तर त्याच मापांवर लहान, वीस फुटी मचवा गावातल्याच सुताराकडून बांधून घ्या. वापरात राहणारा, शिडावर चालणारा. सुताराचा हात चालू राहतो, दोन तरुण शिकतात, आणि नारळी पौर्णिमेला तो पाण्यात उतरवता येतो. मला विचाराल तर जुना मचवा शेडमध्ये आणि नवा पाण्यात ही जोडी सगळ्यात उत्तम.

फलकाचं विचारलंत. आरमाराची मोठी वर्णनं किल्ल्यावर आहेतच. इथे या मचव्याचं लिहा: कुणी बांधला, कुठल्या लाकडाचा, लांबी-रुंदी किती, कुठली जाळी मारायचा, इंजिन कधी बसलं, शेवटचा समुद्रात कधी गेला. घरच्यांची परवानगी असेल तर तांडेलांची आणि खलाशांची नावं. मालकाच्या घरात जुना फोटो असेल तर तो.

कामाचा क्रम हवामानावर लावा. आत्ता पावसाआधी टेकू आणि छप्पर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा तांडेल घरी सापडतात आणि सुतारांनाही दुरुस्तीच्या कामांतून थोडा वेळ काढता येतो, म्हणून मुलाखती त्या दोन महिन्यांत. दसऱ्यानंतर उघडीप मिळाली की मोजमाप. त्याआधी मला तीन जागांचे जवळून काढलेले फोटो पाठवा: नाळ आणि पठाण मिळतात तो सांधा, डोलकाठीखालचा तळ, आणि मागून तिसऱ्या-चौथ्या वाकाचं वरचं टोक. पातळ पेचकस तिथे किती आत जातो तेही मोजून लिहा. पाव इंचाच्या आत थांबला तर मचवा शेडमध्ये उभा राहील. इंचभर गेला तर मी एकदा येऊन बघेन, मग ठरवू.